गळ, गाठ आणि तंगूस : वाचकांचे प्रश्न

‘मासे धरण्याविषयी काही विचारायचं असेल तर कळवा’ असं गेल्या अंकात छापलं आणि पत्रांचा, फोनवरच्या निरोपांचा ढीग लागला. मी कुणी तज्ज्ञ नाही. नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूमला ३१ वर्षं फिटर होतो, आणि सुट्टीच्या दिवशी गळ घेऊन पाण्यावर. निवृत्तीनंतर सुट्ट्या वाढल्या, मासे होते तेवढेच राहिले.

प्रश्न : मी २६ वर्षांचा आहे, इंदिरानगरला राहतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे. अमेरिकेतल्या बास फिशिंगचे व्हिडिओ बघून वेड लागलंय. बजेट दहा हजार. बेटकास्टर रीळ, त्याला साजेसा रॉड आणि तीस ल्युअरचा (नकली आमिषांचा) डबा घ्यायचा विचार आहे. गंगापूर धरणात बास मिळेल का?

नाही मिळणार. तुम्ही बघता तो लार्जमाउथ बास मुळात उत्तर अमेरिकेचा. आपल्या गोदावरीत तो नाही. जपानमध्ये १९२५ साली तो आशी तळ्यात सोडला, आणि पुढे तिथल्या तळ्यांत असा माजला की २००५ मध्ये कायद्यानं त्याला उपद्रवी परका मासा ठरवावं लागलं. गंमत म्हणजे जगातल्या सर्वांत मोठ्या बासच्या विक्रमात दोन मासे बरोबरीनं नोंदलेत : एक १९३२ साली अमेरिकेत जॉर्जियात धरलेला, दुसरा २००९ मध्ये जपानच्याच बिवा तळ्यात. दोन्ही दहा किलोच्या जरासे वर. तेव्हा ‘आपल्याकडे पण बासचं बी सोडू या’ असं कुणी म्हणालं तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.

आता तुमच्या डब्याचं. बास शिकारी आहे, म्हणून तो ल्युअरवर तुटून पडतो. आपल्या धरणांत बी सोडतात ते मुख्यतः रोहू, कटला, मृगळ यांचं. एखाद्या सकाळी मासळी बाजारात जा आणि या तिघांची तोंडं नीट बघा, फुकटचं शिक्षण आहे. कटल्याचं तोंड वर वळलेलं. तो वरच्या थरात तरंगणारं बारीकसारीक गाळून खातो. मृगळाचं तोंड खाली झुकलेलं. तो तळाचा गाळ चाळतो. रोहू मधल्या थरातला, ओठांना झालर. यांच्यापुढून दिवसभर चकचकीत प्लास्टिकचा मासा ओढलात तर ते बाजूला होऊन वाट देतील. त्यांना कणीक लागते, शेंगदाण्याची पेंड लागते. ल्युअरला येणारं आपलं गिऱ्हाईक म्हणजे मरळ, कधीमधी चिलापी, वाहत्या पाण्यात नशीब असेल तर महाशीर, आणि तो लागला तर फोटो काढून परत सोडायचा. म्हणून तीस नको, पाच ल्युअर पुरे. दोन पोकळ रबरी बेडूक, फिरत्या पात्याचे पाच-सात ग्रॅमचे दोन स्पिनर, आणि मऊ प्लास्टिकच्या किड्यांचं एक पाकीट.

बेटकास्टर नको. हलकं ल्युअर फेकलं की रिळाची फिरकी ल्युअरच्या पुढे धावते आणि दोऱ्याचं सुगरणीचं घरटं होतं. ते सोडवण्यात तुमची सकाळ जाईल. साधं स्पिनिंग रीळ घ्या, २५०० किंवा ३००० मापाचं. रॉड सात फुटी, दोन तुकड्यांचा, मीडियम. मुठीच्या वर रॉडवर बारीक अक्षरं असतात, ती दुकानात चष्मा लावून वाचा : किती ग्रॅमचं ल्युअर, किती पौंडाचा दोरा. ५ ते २१ ग्रॅम आणि ८ ते १४ पौंड असं काही लिहिलं असेल तर तो तुमचा रॉड. एकात एक सरकणारा टेलिस्कोपिक रॉड बॅगेत मावतो म्हणून लोक घेतात. सांध्यात वाळूचा एक कण गेला की दोन नळ्या एकमेकींना धरून बसतात. असले सांधे सोडवण्यात माझी सगळी नोकरी सरली, रविवारी तेच काम नको वाटतं.

रिळाच्या खोक्यावर ‘बारा अधिक एक बेअरिंग’ असं मोठ्या अक्षरात असतं. त्याला भुलू नका. बारा हलक्या बेअरिंगपेक्षा चार चांगली बरी. हँडल धरून पुढे-मागे हलवा. किती प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे ते बोटांना कळतं. मग ड्रॅग (मासा जोरात ओढू लागला की दोरा सोडणारा रिळातला ब्रेक) थोडा आवळून दोरा हातानं ओढा. तो एकसारखा सुटला पाहिजे. अडकून, मग धक्क्यानं सुटत असेल तर रीळ तिथंच ठेवा, बेअरिंग वीस का असेनात.

आणि पैशांची वाटणी माशाच्या तोंडापासून मोजत या. आधी हुक, मग गाठ, मग दोरा, मग रीळ, सगळ्यात शेवटी रॉड. लोक उलटे मोजतात. आठ हजारांच्या रॉडला दहा रुपयांत डझनभर मिळणारे हुक लावलेले मी पाहिलेत. हुक घेतला की त्याचं टोक अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवून सरकवा. नखात रुतून थांबला तर धार आहे, घसरला तर बोथट. नवे कोरे हुकसुद्धा घसरतात, तेव्हा बारीक कानस जवळ असू द्या. तुमच्या दहा हजारांतून रॉड-रीळ निम्म्यात बसवा. उरलेल्यात चांगला दोरा, चांगले हुक, लांब चोचीची पक्कड आणि एक लाइफ जॅकेट घ्या. लाइफ जॅकेट व्हिडिओत दिसत नाही, पण गंगापूरचा काठ उतरता आहे.

प्रश्न : सिन्नरहून लिहितो आहे. या मोसमात तीन मोठे मासे दोरा तुटून गेले. दुकानदाराला विचारलं तर ‘जाड तंगूस (नायलॉनचा दोरा) वापरा’ म्हणतो. जाड वापरला तर रिळावरून नीट सुटत नाही, वेटोळी उडतात. काय करावं?

तीन मासे गेले त्यापेक्षा दोऱ्याचं तुटलेलं टोक जपून ठेवलं नाहीत याचं वाईट वाटलं. पुढच्या वेळी मासा गेला की शिव्या देऊन झाल्यावर टोक हातात घेऊन उन्हात धरा. टोकाला डुकराच्या शेपटीसारखं पिळदार वेटोळं असेल तर दोरा तुटलेलाच नाही. गाठ घसरून सुटली. टोक खरखरीत, पांढुरकं असेल तर खडकावर घासला. सरळ, तटकन तुटल्यासारखं असेल तर ड्रॅग जास्त आवळलेला होता. पहिलाच प्रकार मी सगळ्यात जास्त पाहतो, आणि त्यावर जाड तंगुसाचा काही उपाय नाही. उलट जाड दोऱ्याची गाठ बसायला अवघड.

मुकणे धरणावर असंच एकदा माझं झालं. पंधरा-वीस मिनिटं मासा खेळवला, पाठ दिसली, जोडीदारानं जाळी पाण्यात घातली, आणि रॉड एकदम सरळ. टोक पाहिलं तर शेपूट. घाईत, अंधारात, कोरडी गाठ ओढली होती. नायलॉनची गाठ कोरडी आवळली की घासून गरम होते आणि तिथंच दोरा कमजोर पडतो. गाठ ओठात धरून थुंकीनं ओली करायची आणि हळू, एका दमात आवळायची. साध्या क्लिंच गाठीला पाच-सहा वेढे घ्या, टोक हुकाजवळच्या फटीतून काढा, आणि मग जो मोठा फास तयार होतो त्यातूनही एकदा परत काढा. ही शेवटची पायरी लोक गाळतात. विणलेला ब्रेड दोरा गुळगुळीत असतो, त्याला क्लिंच धरत नाही, त्याला पालोमर. दोरा दुहेरी करून हुकाच्या डोळ्यातून घ्या, साधी गाठ सैल मारा, उरलेल्या फासातून अख्खा हुक ओवा, ओलं करा, आवळा. टीव्हीसमोर बसून वीस वेळा मारा. आमच्याकडे मालिका चालू असते तेव्हा मी हेच करतो, घरच्यांचीही हरकत नसते.

जाडीचंही सांगतो. सवयीनं मी एकदा नव्या तंगुसाला मायक्रोमीटर लावला. वेष्टनावर ०.३० मिलिमीटर, माझ्याकडे ०.३६ भरला. म्हणजे ‘बारीक असून बळकट’ ही जाहिरात नुसत्या छपाईची. तेव्हापासून नवा दोरा मोजल्याशिवाय रिळावर चढवत नाही. तुमच्या ओळखीचा कुणी सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत असेलच, त्याला पाच मिनिटं मायक्रोमीटर मागा. रोहू-कटल्याला खरा ०.३० ते ०.३५ चा नायलॉन भरपूर झाला.

ड्रॅग अंदाजानं आवळू नका. दोऱ्याच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यावर तो सुटायला हवा. दहा पौंडाचा दोरा म्हणजे साधारण साडेचार किलो. म्हणजे ड्रॅग साधारण १.१ ते १.५ किलोला सुटला पाहिजे. रॉडच्या कड्यांतून दोरा काढून टोकाला सामान तोलायचा स्प्रिंगचा काटा अडकवा, रॉड मासा लागल्यासारखा वाकवा आणि ओढा. पहिल्यांदा कराल तेव्हा दचकाल, दीड किलो म्हणजे किती कमी असतं ते पाहून. घरी आलात की ड्रॅग सैल सोडून ठेवा, आतल्या चकत्या दबून राहत नाहीत.

वेटोळ्यांचं कारण बहुतेक तुमच्या उजव्या हातात आहे. मासा दोरा ओढून नेत असताना ड्रॅग करकरतो आणि माणूस घाबरून हँडल फिरवत बसतो. स्पिनिंग रिळावर अशा वेळी प्रत्येक फेऱ्याला दोऱ्यात पीळ भरतो. मासा ओढतोय तेव्हा हात स्वस्थ ठेवा. शिवाय फिरकी काठोकाठ भरू नका, कडेपासून दोन-तीन मिलिमीटर मोकळी ठेवा. दोरा वर्षातून एकदा बदला, आणि एप्रिलच्या उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका. काढलेला जुना तंगूस काठावर फेकू नका. बगळ्यांच्या पायात अडकतो. बारीक तुकडे करून घरच्या कचऱ्यात.

प्रश्न : निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. शेततळ्यात तीन वर्षांपूर्वी रोहू, कटला सोडले, आता चांगले वाढलेत. डिसेंबर-जानेवारीत मुलं सुट्टीला येतात तेव्हा गळाला एकही लागत नाही. कोणता हुक वापरावा?

हुकाआधी कागद! तुमच्या तळ्याला पाचशे मायक्रॉनचा प्लास्टिक कागद असणार, म्हणजे अर्धा मिलिमीटर. तीन टोकांचा ट्रेबल हुक तळाशी ओढला तर कागद फाटेल, आणि छाटणीनंतरच्या पाण्याची किंमत तुम्हाला मी सांगायला नको. शेततळ्यात एकच हुक, आठ किंवा दहा नंबरचा, आणि तोही तळाला न टेकणारा. (हुकाचे नंबर उलटे चालतात : दहा नंबर आठपेक्षा लहान. एकपर्यंत असं, आणि त्यापुढे १/०, २/० करत परत मोठे. कुणी ठरवलं हे, देव जाणे.) हुकाच्या टोकामागचा उलटा काटा पकडीनं चेपून टाका. वर तरंगी बांधा, आमिष तळापासून हातभर वर लटकू द्या. शिसं गोल घ्या, कोपरे असलेलं नको.

आता थंडी. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा पारा पेपरात पहिल्या पानावर आला की समजा, मासा उपाशी नाही, गारठलाय. माशाचं अंग पाण्याइतकंच गार. पाणी थंड झालं की पचन मंदावतं, भूक मंदावते. तुम्ही पहाटे बागेत शेकोट्या पेटवता तेव्हा मुलांना झोपू द्या. साडेअकरा ते तीन, वारा नसलेला दिवस, जिथं ऊन जास्त वेळ पडतं तो कोपरा. आमिष हरभऱ्याच्या दाण्याएवढं. उन्हाळ्यात लिंबाएवढा गोळा चालतो तसा आता चालत नाही. आदल्या दोन दिवशी त्याच जागी, त्याच वेळेला मूठभर पेंड टाकत राहा. माशांना वेळ कळते.

कणीक मळायचं काम मात्र घरात, धुतलेल्या हातानं. बागेवर फवारायचं बोर्डो मिश्रण कालवलेल्या हाताचा मोरचूद कणकेत गेला तर मासा ती तोंडात धरणार नाही, आणि मोरचूद माशांना विषच. फवारणीची भांडीसुद्धा त्या तळ्यात धुऊ नका. शेवटचं, मुलं येणार म्हणून : प्लास्टिकच्या उताराला शेवाळ धरलं की पोहता येणारा मोठा माणूसही बाहेर चढू शकत नाही. चारही बाजूंना गाठी मारलेले दोर पाण्यापर्यंत सोडून ठेवा, वर खुंट्याला पक्के. मासा लागो न लागो, हे काम आजच करा.

प्रश्न : देवळाली कॅम्पहून. माझी ११ वर्षांची मुलगी बाबांबरोबर दारणेवर जायचा हट्ट करते. बाबांचा रॉड तिला झेपत नाही. तिच्यासाठी काय घ्यावं? मला स्वतःला मासेमारीतलं काही कळत नाही.

ताई, दुकानात जाऊच नका. आठ-नऊ फुटांची सरळ, वाळलेली वेळूची काठी मिळवा. शेंड्याला काठीएवढाच लांब तंगूस बांधा, रीळ नाही. दहा किंवा बारा नंबरचा हुक, उलटा काटा चेपलेला, त्याच्या वर वीतभर अंतरावर एक छोटा छर्रा. तरंगी घरी करा : ज्वारीच्या वाळलेल्या ताटाचं साल सोलून आतलं पांढरं भेंड बोटाच्या पेराएवढं कापायचं, मधून काडीनं भोक पाडायचं, तंगूस ओवून त्यात काडीचा तुकडा खोचायचा. वर लाल नेलपॉलिश. छर्रा एवढाच हवा की भेंडाचं लाल टोक तेवढं पाण्यावर दिसेल. जास्त वर तरंगलं तर माशाला ओढायला जड जातं, तो आमिष सोडून देतो. माझ्या पुतणीची पहिली तरंगी अशीच होती. अजून तिच्याकडे आहे, ती आता पुण्यात नोकरी करते.

आमिष म्हणून कुंडीतलं गांडूळ, नाहीतर पोळीची गोळी. लागेल तो बहुधा चिलापी. हा मासा मूळचा आफ्रिकेचा, १९५२ साली भारतात आणला आणि आता तो नाही असं पाणी शोधावं लागतं. मुलीला एक सांगा : चिलापीची मादी अंडी तोंडात घेऊन उबवते आणि पिल्लंही धोका दिसला की आईच्या तोंडात शिरतात. एवढं ऐकल्यावर ती लहानसहान मासे आपणहून परत सोडेल. पाठीवर काटे असतात; ओला हात डोक्याकडून मागे सरकवत काटे दाबून धरायचा. मिशांचा मासा आला तर हात लावायचा नाही, बाबांना हाक मारायची; त्यांच्या बाजूच्या काट्यानं जबर ठणका लागतो. डोळ्यांवर साधा चष्मा किंवा गॉगल हवाच, बाबांच्याही, कारण सगळ्यात जास्त हुक शेजारच्या माणसाच्या गळाचे लागतात. आणि ती काठाशी आहे तोवर लाइफ जॅकेट अंगावर.

प्रश्न : मालेगाव. गावच्या तळ्यात मरळ भरपूर. रबरी बेडूक फेकतो, मरळ धडाक्यात उडी घेते, पाणी फुटतं, मी झटका देतो आणि बेडूक माझ्या तोंडावर येतो. दहात एखादीच लागते.

भाऊ, तुमचा झटका आवाजाला बसतोय. मरळ पाणी फोडते तेव्हा बेडूक तोंडात गेलेला असतोच असं नाही. पुष्कळदा ती नुसती धडक देते. आवाज झाला की मनात ‘एक, दोन’ म्हणा, दोरा ताणला जाऊन हाताला ओझं लागू द्या, मग रॉड वर. बोलायला सोपं आहे. मला स्वतःला हे जमायला दोन पावसाळे लागले, आणि अजूनही वर्षातली पहिली मरळ मी घाईनंच घालवतो.

बाकी बारीक दुरुस्त्या. बेडकाचे दोन हुक अंगाला फार चिकटलेले असतील तर पकडीनं किंचित वर, किंचित बाहेर वाकवा. कागदाच्या जाडीएवढेच, जास्त नाही, नाहीतर शेवाळात अडकेल. रबरी पाय लांब असतील तर अर्धे कापा, मरळ पायच धरून सोडून देते. चार-पाच फेकींनंतर बेडूक दाबून आतलं पाणी काढा. भरलेला बेडूक खाली बसतो. दोरा ब्रेडच हवा, तीस ते पन्नास पौंडाचा, कारण नायलॉन ताणतो आणि वीस पावलांवरून दिलेला झटका हुकापर्यंत पोचतच नाही. रॉडही जरा ताठ. पहिल्या उत्तरातला मीडियम रॉड इथे कमी पडेल, इंदिरानगरच्या वाचकांनीही टिपून ठेवा. मरळ लागली की शेवाळात शिरते. तिथून ओढून काढायला दम लागतो.

मरळ हवेतला श्वास घेते, म्हणून थोड्या थोड्या वेळानं तिला वर यावंच लागतं. पाच मिनिटं बेडूक न फेकता नुसते बसून पाहा. पाण्यावर ‘गुळुक’ होतं, दोन बुडबुडे येतात. तिथं डोक्यावर बेडूक आपटू नका. तीन हात पलीकडे टाका आणि हळू तिच्या वाटेवर आणा.

एक विनंती. पावसाळ्याच्या तोंडाशी आणि पावसाळ्यात काठाजवळ लालसर पिल्लांचा थवा एकदम उकळल्यासारखा वर-खाली होताना दिसेल. त्याखाली आई-बाप राखण करत असतात. तिथं बेडूक टाकला तर मरळ हमखास येते, भुकेनं नाही, रागानं. ती काढली की तासाभरात बाकीचे मासे आणि बगळे तो थवा संपवतात. आमच्या भागातल्या एका तळ्यात हेच करून लोकांनी मरळ संपवली, आता तिथं चिलापीशिवाय काही नाही. थवा दिसला की दुसऱ्या काठाला जा. कालवण श्रावणानंतर.

प्रश्न : नाशिकमध्ये गळ टाकायला परवानगी लागते का? पंचवटीत घाटावर बसलं तर चालतं का?

घाटावर, रामकुंडाच्या आसपास, नाही. तिथं लोक अस्थी सोडतात, पिंड देतात; त्यात गळ घेऊन बसणं बरं दिसत नाही, आणि तिथल्या पाण्यातला मासा मी खाणारही नाही.

धरणं आणि मोठे तलाव यांतली मासेमारी साधारणपणे मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेली असते. आधी काठावरच्या गावात जाऊन संस्थेचा माणूस शोधा, विचारा. पैसे मागितले तर द्या, पावती घ्या. त्यांचं पोट त्यावर आहे, आपली हौस आहे. शिवाय आज मासा कोणत्या बाजूला आहे हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. भिंत, दरवाजे आणि सांडव्याजवळ जायचं नाही, पहारेकरी हाकलेल ते योग्यच. नांदूरमधमेश्वरला गळ नेऊच नका. ते पक्षी अभयारण्य आहे, २०२० साली राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (जगभर महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं. तिथं दुर्बीण न्या.

पावसाळ्यात नदीकाठी बसणाऱ्यांनी विसर्गाची बातमी वाचून निघावं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. गंगापूरमधून पाच हजार सोडले म्हणजे सेकंदाला एक लाख चाळीस हजार लिटर पाणी तुमच्याकडे निघालं. नाशिककर ज्याच्यावरून पूर मोजतात त्या रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या पायाला पाणी लागलं हे कळेपर्यंत तुमचा खडक गेलेला असतो. आणखी एक गोष्ट, जी फारशी कुणी सांगत नाही : दारणा-गोदेच्या काठानं शेतीपंपांच्या तारा खाली लोंबत असतात. कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते. फेकण्याआधी मागे आणि वर बघा. आकाश गडगडायला लागलं की रॉड आडवा जमिनीवर ठेवून तिथून निघा.

प्रश्न : हुक बोटात घुसला तर?

टोक बाहेर दिसत नसेल आणि काटा आत असेल तर ओढू नका. बोट स्थिर जागेवर टेकवा. हुकाच्या वळणात जाड दोऱ्याचा फास अडकवा. हुकाची डोळ्याकडची दांडी दुसऱ्या हातानं कातडीवर खाली दाबून धरा, म्हणजे काटा मांसातून मोकळा होतो. आणि जोडीदारानं दोरा कातडीला समांतर, हुक घुसला त्याच्या उलट दिशेनं, एकदम झटका देऊन ओढायचा. समोर कुणी उभं राहायचं नाही, हुक गोळीसारखा सुटतो. मग साबण-पाणी, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन त्याच दिवशी. डोळ्याजवळ, गळ्यावर, किंवा सांध्यात खोल गेला असेल तर हात न लावता तसंच दवाखान्यात.

माझ्या डाव्या अंगठ्यात गेला तेव्हा हे मला माहीत नव्हतं. एका दवाखान्यात गेलो, तिथल्या तरुण डॉक्टरांनी हुक पुढे ढकलून बाहेर काढायला पाऊण तास घेतला आणि वर विचारलं, ‘मासा किती मोठा होता?’ मासा नव्हताच. जोडीदाराच्या बुटात अडकलेला माझाच गळ सोडवत होतो.